वनपट्टे म्हणजे जंगलाची खिरापत नव्हे

‘वनहक्क कायद्यामुळे कुणीही जंगल तोडून चार हेक्टर फुकट मिळवतो आणि पट्टा विकून मोकळा होतो, लाखो दावे फेटाळले गेले म्हणजे ते खोटेच होते,’ असा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. (पट्टा म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मान्य करणारा दाखला.) आदिवासींना अतिक्रमणदार ठरवणाऱ्या या मजकुरातली विधानं कायद्याशी ताडून पाहू.

‘कुणीही’? जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याशिवाय दावा टिकत नाही. दावेदार आदिवासी नसेल, तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथला रहिवास दाखवावा लागतो.

चार हेक्टर ही कमाल मर्यादा आहे. कसवणूक २० गुंठ्यांची असेल तर पट्टाही २० गुंठ्यांचाच. तो नवरा-बायको दोघांच्या नावे होतो आणि वारसांकडे जातो, पण विकता येत नाही.

फेटाळलेले दावे खोटे होते, हे विधान सर्वांत घातक आहे. नियमांनुसार दोन पुरावे पुरतात, आणि ते कागदीच हवेत असं नाही. शेताचे बांध, जुनी विहीर, गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाबही चालतो. फक्त तो वडीलधारा स्वतः दावेदार नको. तरीही अतिक्रमणाबद्दल वनखात्याने केलेल्या दंडाची जुनी पावती नाही किंवा उपग्रह चित्रात शेत दिसत नाही, एवढ्यावर दावे उडवले जातात. डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन मधली काही वर्षं पडीक ठेवतात. त्या वर्षीच्या चित्रात झुडपंच दिसणार! म्हणून तर नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीने उपग्रह चित्राला पूरक पुरावा म्हटलं. बाकी पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवायला सांगितलं, पण २८ फेब्रुवारीला तोच आदेश स्थगित करून दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली याचा तपशील राज्यांकडे मागितला.

आणि जंगल? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. तिथला बांबू ग्रामसभा स्वतः विकते. जंगल राखण्याचा अधिकारही हाच कायदा ग्रामसभेला देतो.

दावा फेटाळला गेला असेल तर आधी लेखी कारण मागा. ते देणं बंधनकारक आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे अपील करता येतं. प्रत्येक टप्प्याला मुदत ६० दिवसांची आहे, त्यामुळे कारण हाती आलं की त्यावर तारीख आणि पोच घ्यायला विसरू नका.