इमिजिएट जॉइनर हवेत: करहंगामातल्या मुलाखतीसाठी चार युक्तीच्या गोष्टी

बी.कॉम. झालंय, हिशेबात गती आहे आणि प्राप्तिकराचा पेपर पहिल्याच फटक्यात सुटला होता, असं तुमच्या बाबतीत असेल तर आधीच सांगून ठेवतो, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून देणाऱ्या कंपनीच्या कॉल सेंटरमधली ही नोकरी मिळवणं तुम्हाला जड जाणार. पण खचून जाऊ नका. माहिती असणं हा दोष लपवता येतो. थोडा सराव लागतो, एवढंच.

आधी हा हंगाम समजून घ्या. मालकांनी नोकरदारांना १५ जूनपर्यंत फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, द्यायचा आणि नोकरदारांनी ३१ जुलैपर्यंत विवरणपत्र भरायचं, असा शिरस्ता आहे. मधल्या दीड महिन्यात माणूस फॉर्म १६ मेलबॉक्समध्ये मुरत ठेवतो आणि शेवटच्या दिवशी उघडतो. २०२४ साली ३१ जुलै या एका दिवसात ६९.९२ लाख विवरणपत्रं भरली गेली. संध्याकाळी सात ते आठ या एका तासात ५.०७ लाख! यातल्या कित्येकांना त्याच तासात आधारचा ओटीपी येत नव्हता, बायकोचं पॅनवरचं नाव माहेरचं निघत होतं, किंवा बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज सरकारला आपल्याआधी कळल्याचा धक्का बसलेला होता. ही सगळी मंडळी फोन कुणाला करणार? विवरणपत्र भरून देणाऱ्या कंपनीला. आणि तो फोन उचलायला कंपनीला हवे असता तुम्ही, तेही फक्त हंगामापुरते. साखर कारखान्याचा गाळप हंगाम असतो तसाच हा प्रकार. फरक इतकाच की ऊसतोडीला जाणाऱ्याला निदान उचल मिळते, इथे पहिला ट्रेनिंगचा आठवडाही बऱ्याचदा बिनपगारी.

जाहिरातीत वॉक-इनची, म्हणजे थेट येऊन द्यायच्या मुलाखतीची, वेळ सकाळी अकराची असेल. पुण्यातलं खराडी असो की विमाननगर, साडेदहालाच पोचा आणि दीडपर्यंत बसायची तयारी ठेवा. पोचल्यावर एक फॉर्म देतील. बायोडेटात जे छापलंय तेच त्यात हाताने लिहायचं. दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, मधल्या वर्षाच्या गॅपचं कारण. गॅपमध्ये सीए फाउंडेशनचे दोन प्रयत्न दिले असतील तर ‘घरगुती अडचण’ लिहा. सीएचा अभ्यास केलेला मुलगा उद्या ग्राहकाला काहीतरी बरोबर सांगून बसेल, ही धास्ती कंपनीला असते.

पहिली फेरी एचआर मॅडमची. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न इंग्रजीत येईल आणि उत्तरही इंग्रजीतच द्यायचं. तुम्ही उदगीरचे असा की अक्कलकुवाचे, त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो एमटीआयने, म्हणजे तुमच्या इंग्रजीत मातृभाषा किती डोकावते त्याने. ती डोकावू नये म्हणून दहा मिनिटं एका मशीनपुढे वाक्यं वाचून घेतात. पुढे हंगामभर तुमच्याशी बोलणार आहेत सांगलीचे निवृत्त हेडमास्तर, अकोल्याच्या स्टाफ नर्स आणि चाकणचा शिफ्ट सुपरवायझर. ते विचारणार, ‘पैसं कधी जमा व्हायचं ओ?’ पण मशीनला ते माहीत नाही. मशीनसमोर तुम्ही मिशिगनच्या माणसाशी बोलल्यासारखं बोला.

मग येतो या मुलाखतीचा मुकुटमणी. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ नोकरी तीन महिन्यांची आहे. समोरच्या मॅडमना ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे, कारण दरवर्षी ऑगस्टमध्ये ओळखपत्रांचा गठ्ठा त्याच्याकडेच जमा होतो. तरीही हसायचं नाही. ‘याच कंपनीत टीम लीडर म्हणून’ असं सांगा आणि सांगताना खिडकीबाहेर किंचित वर पाहा. ‘एक ऑगस्टला दुसरीकडे वॉक-इनला’ हे उत्तर खरं असलं तरी त्याला गुण नाहीत.

‘आमचीच कंपनी का?’ याला ‘घरापासून एकाच बसने येता येतं’ म्हणू नका. ‘लोकांना मदत करायला आवडतं’ म्हणा. हे वाक्य कुठल्याही नोकरीला चालतं, त्यामुळे पाठांतर वाया जात नाही.

दुसरी फेरी खरी. इथे टीम लीडर बसतो. तो वयाने तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा असतो आणि मागच्या हंगामात तुमच्याच खुर्चीवर होता. तो विचारेल, ‘नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही. मग करपात्र उत्पन्न १३ लाख असेल तर वरच्या एका लाखावर १५ टक्के, म्हणजे १५ हजार. बरोबर?’

आता तुमच्या डोक्यात घंटा वाजेल. तुम्हाला माहीत आहे की २०२५-२६ पासूनच्या नव्या दरांत करमाफी फक्त ४ लाखांपर्यंतच आहे. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के असा ६० हजारांचा कर बसतो आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असलं तरच तो कलम ८७एच्या सवलतीने पुसला जातो. १३ लाख झाले की ती सवलत गेली. ६० हजार अधिक १५ हजार, वर ४ टक्के सेस, एकूण ७८ हजार. हा हिशेब तुम्ही कागदाशिवाय केलात, म्हणून आई-वडिलांना तुमचा अभिमान वाटेल. टीम लीडरला वाटणार नाही.

इथे म्हणायचं वाक्य असं: ‘सर, मी सिनियरकडून कन्फर्म करून ग्राहकाला कॉलबॅक देईन.’

हे ऐकताच त्याचा चेहरा उजळतो, आणि त्यालाही कारण आहे. प्रश्नाचं उत्तर ही कंपनीत विकायची वस्तू आहे. फुकटात विवरणपत्र भरा असं जाहिरातीत म्हणायचं, ग्राहक अडला की त्याला ‘एक्सपर्ट असिस्टेड’ नावाचा प्लॅन दाखवायचा, आणि त्या प्लॅनकडे वळेपर्यंत त्याला प्रेमाने अडकवून ठेवायचं, हे काम तुमचं. तुम्ही चाळीस सेकंदांत ७८ हजारांचा हिशेब मांडून मोकळे झालात तर ग्राहक ‘थँक्यू’ म्हणून फोन ठेवेल. एएचटी (कॉलला लागलेला वेळ) उत्तम, सीसॅट (ग्राहकाचं समाधान) उत्तम, विक्री शून्य. अशा माणसाला कोण ठेवील? (एक शंका मला नेहमी येते. एक्सपर्ट म्हणून जो बसलेला असतो, तो कुठल्या वॉक-इनला आला होता?)

मग मॉक कॉल. टीम लीडर पेन कानाला लावून संतापलेला ग्राहक होईल. तो भूमिकेत फार लवकर शिरतो, कारण हे संवाद त्याने मागच्या वर्षी प्रत्यक्ष ऐकलेत. ‘जून महिन्यात रिटर्न भरलं, अजून रिफंड नाही! पैसे खाल्ले का तुम्ही?’ रिफंड प्राप्तिकर खात्याच्या बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातून निघतो, खासगी कंपनीच्या हातात त्यातलं काहीही नसतं. पण ‘साहेब, तुमचे पैसे आमच्याकडे नाहीतच’ हे वाक्य तोंडातून गेलं की तुम्ही नापास. ग्राहकाला दोषी हवा असतो आणि बंगळुरू लांब आहे. तुम्ही म्हणायचं, ‘आपली गैरसोय मी समजू शकतो.’ मग थांबायचं. मग पुन्हा तेच, जरा हळू. तिसऱ्यांदा म्हटल्यावर विचारायचं, ‘सर, ई-व्हेरिफाय केलं होतं का?’ केलेलं नसतं. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ते पडताळायचं असतं, हे कुणीच त्यांना सांगितलेलं नसतं. म्हणजे मागच्या हंगामातल्या तुमच्यासारख्याच कुणीतरी ‘कन्फर्म करून कॉलबॅक’ दिलेला असतो.

साइट बंद पडली तर काय, हाही प्रश्न ठरलेला. इथे थोडा इतिहास आठवून ठेवा. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकराचं नवं पोर्टल सुरू झालं आणि सुरू होताच रडायला लागलं. अडीच महिने तक्रारी साचल्यावर अर्थ मंत्रालयाने ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या सीईओंना दिल्लीला बोलावून घेतलं. म्हणजे एवढी व्यवस्था आहे: अर्थमंत्र्यांना उत्तर द्यायला सीईओ, आणि हेडमास्तरांना उत्तर द्यायला तुम्ही. पगारातला फरक विचारू नका.

एक अवघड ग्राहक हटकून उभा करतात. ‘माझ्या शेजाऱ्याला ४० हजार रिफंड मिळवून दिला एका एजंटने. तुम्हाला का जमत नाही?’ शेजाऱ्याने कुठल्यातरी नाव न ऐकलेल्या राजकीय पक्षाला देणगी दिल्याचं दाखवलेलं असतं. अशा बनावट वजावटींवर खात्याने १४ जुलै २०२५ ला देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली होती, आणि उत्पन्न चुकीचं दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो. हे ग्राहकाला सांगितलंत तर त्याचा शेजाऱ्याशी संबंध बिघडेल आणि कंपनीला रेटिंगमध्ये एकच तारा मिळेल. ‘प्रत्येकाची केस वेगळी असते, सर’ म्हणा. खोटंही नाही.

सुट्ट्यांबद्दल विचारतील तेव्हा ‘रोटेशनल वीक-ऑफ चालेल’ म्हणा. जुलैत तो फिरत फिरत ऑगस्टमध्ये जातो. आणि मुदतवाढीची तयारी ठेवा. २०२५ मध्ये ३१ जुलैची तारीख आधी १५ सप्टेंबर झाली आणि १५ सप्टेंबरच्या रात्री उशिरा आणखी एका दिवसाने वाढली. बॅग भरून, सगळ्यांचे निरोप घेऊन, केक कापून झाल्यावर पुन्हा हेडफोन कानाला लावायचा, हा अनुभव दुसऱ्या नोकरीत मिळत नाही. ‘मुदत वाढल्यास थांबाल का?’ या प्रश्नाला ‘नक्की’ म्हणताना आवाजात उत्साह हवा. पैसे वाढतील का, हे त्याच वाक्यात विचारू नका. पुढच्याही वाक्यात नको.

आता पगार. महिना २० हजार सांगतील. कागद वाचलात (वाचू नये, पण वाचलात) तर दिसेल की पगार हा शब्दच त्यात नाही. तुम्ही कर्मचारी नसून ‘कन्सल्टंट’ आहात. पीएफ नाही, रजा नाही, आणि तीन महिन्यांचं मानधन ५० हजारांच्या वर जात असल्यामुळे १० टक्के टीडीएस, म्हणजे हातात पडण्याआधीच कापलेला कर. ६० हजारांतले ६ हजार सरकारजमा. वर्षभराचं तुमचं उत्पन्न तेवढंच असेल तर कर शून्य, म्हणजे ते ६ हजार परत मिळवायला पुढच्या हंगामात तुम्हालाच विवरणपत्र भरावं लागणार.

शेवटी मॅडम विचारतील, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ विचारा, की टीडीएस परत घ्यायला मी कुठला फॉर्म भरायचा? त्या हसून सांगतील, ‘आयटीआर-१, सोपा असतो, आमच्याच साइटवर भरा, स्टाफला डिस्काउंट आहे.’ आयटीआर-१ पगारदारांचा. व्यवसायाचं मानधन त्यात दाखवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ओठांवर आलेलं गिळा, मान डोलवा आणि डिस्काउंट किती ते विचारा. ऑफर लेटरवर सही अजून व्हायची आहे.