चालतोय ना, मग कशाला बदलायचा?

ऑफिसातला कॉम्प्युटर कधी बदलायचा हे ठरवण्याच्या रूढ पद्धती दोन. ज्याचा आवाज मोठा त्याचा आधी, किंवा ज्याची खुर्ची मोठी त्याचा आधी. दुसरीत एक उतरंड असते. साहेबांना नवा लॅपटॉप येतो, त्यांचा जुना मॅनेजरकडे जातो, मॅनेजरचा अकाउंट्सला, अकाउंट्सचा ट्रेनीला. मशीन घेतलं एकच, पण डेटा हलवायचा चौघांचा आणि प्रिंटर जोडायचा चार वेळा. एवढं करून सगळ्यात रडका डबा त्याच्याच पदरात पडतो, जो दिवसभर त्यावर राबतो. साहेब नव्या प्रोसेसरवर मेल वाचतात.

आम्हा आयटीवाल्यांकडे तक्रार एकच येते: ‘स्लो झालाय.’ काय स्लो झालंय, असं विचारलं की उत्तर ‘सगळंच’. अशा वेळी वाद न घालता टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली (म्हणजे प्रोसेसरखाली) ‘अप टाइम’, म्हणजे शेवटच्या रिस्टार्टपासून गेलेला वेळ, बघावा. तिथे तीन-तीन आठवडे सापडतात. ‘अहो, मी रोज बंद करून जातो!’ असं माणूस शपथेवर सांगतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच, कालच्या दुखण्यांसकट, उठून बसतो. शटडाउन म्हणजे तोंडावर पाणी मारणं, आंघोळ फक्त रिस्टार्टने होते. नव्या मशीनच्या बऱ्याच मागण्या या एका आंघोळीत वाहून जातात.

तक्रार नाही गेली, तर त्याच खिडकीत डिस्क बघायची. सीपीयू निवांत दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क मात्र सतत शंभरावर असेल, तर आत फिरणारी हार्ड डिस्क आहे असं खुशाल समजा. ती सेकंदाला साधारण शंभरेक ठिकाणी धावू शकते. साधी एसएसडीसुद्धा (आत काहीच न फिरणारी, चिपवाली डिस्क) तेच काम हजारोंच्या हिशेबात करते. डिस्क क्लोन करून, म्हणजे हुबेहूब नक्कल उतरवून, एसएसडी बसवली की त्याच मशीनवर माणूस ‘नवा दिलात ना?’ म्हणतो. आठ जीबी रॅम कायम नव्वद टक्के भरलेली दिसली तर सोळा करावी. फक्त ऑर्डर देण्याआधी मागचं झाकण उघडून बघा. बारीक दिसायच्या हौसेपायी पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते, तिथे हात टेकावे लागतात.

पण थांबा. एसएसडी मागवण्याआधी मशीनला पुढे भवितव्य आहे का, हे बघायला हवं. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे सातव्या पिढीचं धडधाकट मशीन नापास. संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत जादा अपडेट मिळतात, पण दर दरवर्षी दुप्पट होतो. उलटही घडतं: मशीन पात्र असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या सेटिंग्जमध्ये, टीपीएम बंद असतं. तिथे त्याला ‘पीटीटी’ किंवा ‘एफटीपीएम’ असलं काही नाव असतं. ते चालू न करताच अख्खा मजला भंगारात काढायचा प्रस्ताव तयार होतो, आणि विक्रेता अर्थातच तो दुरुस्त करत नाही.

बाकीचे आजार किरकोळ, पण सोंगं मोठी. ‘इंटरनेट बंद आहे’ अशी तक्रार येते, बघावं तर घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं, त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतोय. दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलचा. लॅपटॉप ‘चार्जच होत नाही’ म्हटलं की विंडोजमधूनच बॅटरी रिपोर्ट काढावा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी छापून येतात. निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदला, लॅपटॉप कशाला? मात्र टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून कुणी रात्रभर जाड फाइल ठेवून दाबत असेल, तर ती फाइल आधी उचला. बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबू नका, टोचू नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो ‘स्मार्ट’ रिपोर्ट देते, त्यात रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या किंवा संशयित जागा) दर आठवड्याला वाढत असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या.

आता खरी कसोटी, म्हणजे अकाउंट्स. त्यांचं ब्रीद ‘चालतोय ना?’ त्यांच्याशी गिगाहर्ट्‌झमध्ये बोलू नये, मिनिटांत बोलावं. रोज दहा मिनिटं मशीनकडे टक लावून बसण्यात गेली, तर वर्षाच्या २४० कामाच्या दिवसांत २४०० मिनिटं, म्हणजे ४० तास होतात. एका माणसाचा अख्खा आठवडा, पगारासकट. हे गणित त्यांना लगेच पटतं. मग ते विचारतात, ‘पण हे कुठल्या हेडला टाकायचं?’

म्हणून आमच्या मते वयावर एवढंच सोपवावं: लॅपटॉप चार वर्षांचा आणि डेस्कटॉप पाच वर्षांचा झाला की तपासायला घ्यायचा, तडकाफडकी काढायचा नाही. तीन प्रश्न. सुरक्षा अपडेट मिळतात का? अडणारा भाग बदलता येतो का? वॉरंटी संपल्यावर वर्षात कितीदा उघडावा लागला? पहिल्याला ‘नाही’ आलं की पुढचे विचारूच नयेत. आणि दरवर्षी साधारण पाव मशीनच बदलावीत. सगळी एकाच महिन्यात घेतली की त्यांची वॉरंटी एकाच महिन्यात संपते आणि ती माना टाकतातही एकदमच. यासाठी सिरियल नंबर, खरेदीची तारीख आणि प्रोसेसरची पिढी लिहिलेली यादी लागते. बहुतेक ठिकाणी ती असते, फक्त तिच्यात मशीनचं नाव ‘खिडकीजवळचा काळा’ असतं.

अदलाबदलीच्या दिवशी कळतं की लोक फाइली कुठे ठेवतात. डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, आणि ‘हे नंतर लागेल’ म्हणून रिसायकल बिनमध्ये. ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल (जुने मेल साठवणारी), बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, ४८ आकडी रिकव्हरी की हे सगळं आधी बाहेर काढावं. विकायच्या एसएसडीवर नुसतं फॉरमॅट मारून भागत नाही, आणि वरून पुन्हा लिहूनही कोपरे राहतात. एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेजच वापरायचं.

पण ते लगेच नाही. काढलेल्या जुन्या मशीनवर तारखेची चिठ्ठी लावून ते महिनाभर बंद ठेवायचं. पगाराचं सॉफ्टवेअर, हजेरीचं यंत्र, कोपऱ्यातला स्कॅनर यांतलं काहीतरी त्याच्याच एखाद्या शेअर्ड फोल्डरवर लोंबकळत असतं आणि ते कुणाच्याच यादीत नसतं. बंद केल्यावर कोणत्या मजल्यावरून बोंब उठते तेवढं ऐकायचं. महिनाअखेर मध्ये येईल अशा बेताने बंद केलं, तर अकाउंट्सवाले स्वतःच जिना चढून येतात.