बायपासची जमीन अजून ग्रीन झोनमध्येच (शेतीच्या पट्ट्यातच) हाय
ग्रुपवर कालपासून मेसेज फिरायलाय की बायपासच्या पलीकडची जमीन यलो झोनमध्ये (रहिवासी पट्ट्यात) आली, प्लॉट बुक करा. असं काही झालेलं नाही बघा. नगरपरिषदेच्या सभेत फक्त विकास आराखड्यात फेरबदल करायचा ठराव झालाय आणि ठराव म्हणजे मंजुरी नव्हे, १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे आधी नोटीस, हरकतींना एक महिना, मग सुनावणी आणि त्यानंतर प्रस्ताव सरकारकडं, शेवटची मंजुरी तिथलीच लागते. काल जाऊन आलो, सोयाबीन काढलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारल्यात, कमानसुद्धा उभी केलीय (कमानीला झोन लागत नसंल!). इसार द्यायच्या आधी गट नंबर देऊन झोन दाखला काढा, नुसता सातबारा बघून भागत नाही, त्यावर झोन लिहिलेला नसतो.