स्टेशन नाशिकचं, बोलणं कुठलं?

नाशिकच्या खासगी एफएम रेडिओला पुन्हा नवा मालक, पुन्हा नवं घोषवाक्य! मराठी गाण्यांचा तास उडाला, सकाळचा निवेदक गायब. किती वेळा? 2011 च्या एफएम धोरणात मुख्य भागधारकाला सुरुवातीची 3 वर्षं हिस्सा नव्या हातात देता येत नाही. पुढे माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी मिळाली की वाट मोकळी. त्याच धोरणानं साखळीतल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम चालवायची मुभा दिली. मग इथल्या निवेदकाला पगार कोण देणार?

गाण्यांची यादी सॉफ्टवेअर लावतं, मधलं बोलणं आधीच रेकॉर्ड केलेलं. द्वारका चौकात वाहतूक कोंडी झाली तर सांगणार कोण? गंगापूर धरणातून विसर्ग वाढलाय, पाणी गोदाघाटावरच्या, पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय, आणि एफएमवर प्रेमाच्या टिप्स!

बातम्यांना बंदी आहे, हे कारण तर सांगूच नका. बंदी स्वतःच्या बातम्यांना आहे. वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, आपत्तीच्या सूचना, परीक्षांचे निकाल, या सगळ्याला त्याच धोरणात स्पष्ट परवानगी आहे. मग द्या ना! स्थानिक संस्था चालवतात त्या सामुदायिक रेडिओला शंभर वॅटच्या प्रक्षेपकाच्या जोरावर निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक करावे लागतात. किलोवॅटवाल्या खासगी स्टेशनांना दिवसातला एक तासही जमू नये?