दिवाळखोरीचा पेपर आणि आमच्या गल्लीतले कारखानदार

परवा एलएलबीच्या शेवटच्या सेमिस्टरचा दिवाळखोरी कायद्याचा पेपर झाला. पेपर चांगला गेला. तक्रार मार्कांची नाही. अख्ख्या पेपरात कर्जात बुडालेल्या साध्या माणसावर एकही प्रश्न नव्हता, याची आहे. सगळे प्रश्न कंपन्यांवर. मागच्या काही वर्षांचे पेपर काढून बघितले, तिथेही तेच.

आधी पेपरात जे होतं त्याबद्दल, कारण तेही महत्त्वाचं आहे. शेवटचा प्रश्न २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या सेक्शन ५३ चा. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे गुंडाळायला घेतली, मालमत्ता विकून अमुक रक्कम आली, आता कुणाला किती? कामगारांचा २८ महिन्यांचा पगार थकलेला, बँकेने तारणावरचा वेगळा हक्क सोडून सगळ्यांच्या वाटपात यायचं ठरवलेलं, वर जीएसटीची बाकी आणि माल पुरवणारे. प्रक्रियेचा खर्च सगळ्यात आधी निघतो. मग कामगारांचे २४ महिन्यांचे पगार आणि तारण सोडणारी बँक एकाच पायरीवर. उरलेले चार महिने पार खाली, सरकारी देण्यांच्याही मागे, माल पुरवणाऱ्यांच्या रांगेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंड मात्र या वाटपात धरायचेच नाहीत, ती रक्कम कामगारांची. हा प्रश्न मला मनापासून आवडला. इथे कायदा आकड्यांत दिसतो आणि २४ च्या पुढचा पंचविसावा महिना म्हणजे कुणाचं तरी घरभाडं असतं हे लिहिताना कळतं.

बाकी पेपर नेहमीचा. सेक्शन ७ (बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांचा अर्ज) आणि ९ (माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांचा अर्ज) मधला फरक, मोरॅटोरियम म्हणजे वसुलीला तात्पुरती स्थगिती, प्रक्रिया संपवायची ३३० दिवसांची मुदत, स्विस रिबन्स आणि एस्सार स्टील हे सुप्रीम कोर्टाचे निकाल. पाठ केलं की मार्क मिळतात.

पण मी इचलकरंजीचा. आमच्याकडे कारखानदार म्हटलं की आठ-दहा यंत्रमागांचा मालक, बहुतेक खर्चीवाला. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याला विणायची मजुरी. कंपनी नाही, नुसती स्वतःच्या नावावरची फर्म. व्यापाऱ्याने मजुरी बुडवली तर याचे हप्ते थकतात, आणि मग माग भंगाराच्या भावाने जातात. आमच्या गल्लीतल्या एका काकांचे गेले. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "तू दिवाळखोरीचा कायदा शिकतोयस न्हवं? मग आमच्यासारख्यानं कुठं अर्ज करायचा, सांग की."

त्यांना जे सांगावं लागलं ते असं. २०१६ च्या त्याच संहितेत व्यक्ती आणि भागीदारी फर्मसाठी अख्खा तिसरा भाग आहे. तो २०१९ च्या डिसेंबरपासून लागू केला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. काकांसारख्यांसाठी तो कागदावरच आहे. त्यांना आजही १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा, आणि तेच काका मुंबईत राहत असते तर १९०९ चा. १९२० च्या कायद्यात अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये आहे, यावरूनच तो कुठल्या काळातला आहे ते समजा. बरं, मजुरी बुडवणाऱ्या व्यापाऱ्याची कंपनी असली आणि काकांनी तिच्याविरुद्ध एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, जायचं म्हटलं, तरी तिथे २०२० पासून एक कोटीची थकबाकी लागते. खर्चीवाल्याची कुठली एक कोटी?

त्याच तिसऱ्या भागात अगदी गरिबांसाठी 'फ्रेश स्टार्ट' आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नको. या अटी इतक्या तोकड्या आहेत की उद्या हे कलम लागू झालं तरी बहुतेक कर्जदार दारातूनच परत फिरतील. यावर वर्गात चर्चा व्हायला हवी होती. आम्हाला तो भाग 'परीक्षेला येत नाही' म्हणून सोडून द्यायला सांगितला.

आणि हे महाराष्ट्रात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं, म्हणजे कर्जाचे कागद, जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैसे फेडण्याच्या कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही, खास गहाण टाकलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करायची नाही, आणि त्याला नादारीसाठी अर्जही करता येईल, अशी सोय त्यात होती. इंग्रज सरकारला गावातला कर्जदार दिसला होता, आमच्या पेपर काढणाऱ्यांना तो दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की परीक्षेत बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक, हातात द्या, कलमांचे क्रमांक पाठ करून घेऊ नका, आणि एक तरी प्रश्न असा टाका: दहा मागांचा मालक, तीन सावकार, एक बँक, एक पतसंस्था, राहतं घर गहाण, सांगा त्याने काय करावं. वकील झाल्यावर आमच्यातल्या बहुतेकांकडे हाच माणूस येणार आहे. एनसीएलटीत उभे राहणारे थोडेच.

जिल्हा न्यायालयात १९२० च्या कायद्याखाली कुणी अलीकडे अर्ज चालवला असेल, तर तो कसा केला, किती वेळ लागला आणि शेवटी कर्जातून मुक्तता मिळाली का, हे कृपया खाली लिहा. काकांसाठी मी कागदपत्रं गोळा करतोय.