दारा सिंगकडून हरलेला माणूस माझ्या यादीत पहिला

जगातले सर्वांत मोठे व्यावसायिक कुस्तीगीर कोण, यावर आमच्या सांगलीच्या शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर अधूनमधून रण पेटतं. कुणीतरी दहा नावं टाकतो. हल्क होगन, अंडरटेकर, द रॉक, जॉन सीना, रोमन रेन्स, आणि अभिमानाने शेवटी खली. लगेच दुसरी बाजू उठते. ही सगळी नाटकं, निकाल आधीच ठरलेला, खरे पैलवान म्हणजे गामा, खाशाबा जाधव, मारुती माने, हरिश्चंद्र बिराजदार. घरी माझे मामा या दुसऱ्या बाजूचे. तरुणपणी ते कोल्हापुरात तालमीत राहून मेहनत करायचे. टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई लागलं की आजही म्हणतात, "बंद कर ती नुरा कुस्ती."

टोकियोत राहायला आल्यापासून मला वाटू लागलंय की या दोन्ही बाजू निकालापाशीच अडकल्या आहेत. एक बाजू कोणी किती वेळा विजेतेपदाचा पट्टा जिंकला ते मोजते. पण ठरलेल्या कुस्तीत पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा हे कंपनी ठरवते, मग मोजून हाती काय लागणार? दुसरी बाजू निकाल खरा नव्हता म्हणून सगळ्यांनाच एका फटक्यात बाद करते.

इथल्या लोकांना खऱ्या-खोट्यातला फरक कळत नाही असं मुळीच नाही. 2011 मध्ये सुमोत काही पैलवानांनी आपसांत कुस्त्या ठरवल्याचं उघडकीला आलं, तेव्हा मार्चमधली ओसाकाची अख्खी स्पर्धाच रद्द झाली आणि अनेक पैलवानांना सुमोतून जावं लागलं. पुऱ्या देशाला ती गोष्ट लागली. टोकियोत सुमोचं मैदान र्‍योगोकूला. तिथून सोबू लाइनने चौथं स्टेशन सुइदोबाशी, आणि तिथे उतरलं की कोराकुएन हॉल, व्यावसायिक कुस्तीचं घर. त्या हॉलमध्ये कुणी ‘हे खरं का’ असं विचारताना मला दिसत नाही. सुमोत ठरवाठरवी हा गुन्हा, कारण तिथे वचन स्पर्धेचं आहे. कोराकुएनमध्ये वचन वेगळं आहे, आणि ते पाळलं गेलं की नाही हे प्रेक्षक फार कसोशीने तपासतात.

कोराकुएन हॉल मोठा नाही, दोन हजारांच्या आतबाहेर माणसं मावतात. जिन्याच्या भिंती प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या नावांनी आणि घोषणांनी भरून गेल्यात. नाव पुकारलं की चारी बाजूंनी रंगीत कागदी फिती रिंगमध्ये येऊन पडतात, आणि काळ्या चड्डीतली शिकाऊ पोरं ती भेंडोळी दोन्ही हातांनी गोळा करून घंटा व्हायच्या आत रिंग मोकळी करतात. हीच पोरं पाहुण्या मल्लाला खांद्यांनी वाट करून देतात, पाण्याच्या बाटल्या सांभाळतात आणि तालमीत शेकड्यांनी बैठका मारतात. हो, आपल्याच बैठका. कार्ल गॉच हा युरोपातून आलेला गुरू इथल्या पैलवानांना जोर, बैठका आणि मुद्गल यांवर घासायचा. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते.

आणि छातीवर बसलेल्या चापटीचा आवाज! पाचव्या रांगेत बसलं तरी तो आपल्या बरगड्यांत जाणवतो. तिसऱ्या-चौथ्या चापटीला कातडी लाल होते, पुढे काळीनिळी. निकाल ठरलेला असतो, पण तो मार सोसल्याचं नाटक कुणी करू शकत नाही.

मग माप कोणतं लावायचं? माझं माप मला फडावरच्या वस्तादांकडून मिळालं. लहानपणी जत्रेत मामांच्या शेजारी बसून कुस्त्या बघताना मी त्यांना मल्लाची पारख करताना ऐकलंय. कोण खडाखडीतच वेळ काढतोय, कोण कलाजंग डावाला गेला तर समोरच्याची मान सांभाळतोय, कोणाने थकलेल्या जोडीदारालाही लढतं ठेवलं. चितपट कोण झालं हे तर शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसतं. ठरलेल्या कुस्तीत तर पारख करायला एवढंच उरतं: याला खरी कुस्ती येते का, याने समोरच्याला मोठं केलं का, आणि याच्या अंगावर विश्वास ठेवून लोक उठून उभे राहिले का.

या मापाने माझा पहिला क्रमांक लू थेझचा. आपल्याकडे हे नाव फक्त एका कारणाने माहीत आहे. 1968 मध्ये मुंबईत दारा सिंगने त्याला हरवलं आणि दारा सिंग जगज्जेता झाला. घराघरांत ही गोष्ट अशीच सांगितली जाते. पण त्या वेळी थेझ 52 वर्षांचा होता, आणि ज्या पट्ट्याला अमेरिकेत जागतिक मानत तो एनडब्ल्यूए या कुस्ती कंपन्यांच्या संघटनेचा पट्टा त्याने 1966 च्या जानेवारीतच जीन किनिस्कीला गमावला होता. यात दारा सिंगचं काही कमी होत नाही. उलट प्रश्न असा पडतो की 52 व्या वर्षी, परक्या गावात, हरून जाण्याने एवढं मोठं वजन देऊ शकणारा हा माणूस होता तरी कोण?

सेंट लुईसमध्ये चांभारकाम करणाऱ्या स्थलांतरिताचा हा मुलगा. घोटा, गुडघा, खांदा कसा निकामी करायचा हे जाणणाऱ्या जुन्या मल्लांकडून तो शिकला आणि 1937 मध्ये, 21 व्या वर्षी, जगज्जेता झाला. थेझकडे पट्टा वर्षानुवर्षं राहिला त्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. ठरलेला निकाल मोडून कुणी दगा करायला गेलं, तर थेझ त्याला खऱ्या कुस्तीत आडवा करू शकत होता. हे माहीत असल्यामुळे सगळ्या कंपन्यांना तो विश्वासाचा वाटायचा. खरी ताकद अंगात ठेवून ती न वापरणं, हीच या धंद्यातली सर्वांत मोठी कला.

1957 च्या ऑक्टोबरमध्ये तो टोकियोत आला. युद्ध हरलेल्या देशाचा लाडका कुस्तीगीर रिकिदोझान समोर. थेझ जगज्जेता, एका हाताने सामना संपवून जाऊ शकला असता. साठ मिनिटं लढून बरोबरी झाली. टीव्हीवर तो सामना बघणाऱ्यांचं प्रमाण 87 टक्के नोंदलं गेलं, आणि जपानी माणसाला वाटलं की आपला गडी जगज्जेत्याच्या तोडीचा आहे. ज्या कोराकुएन मैदानावर तो सामना झाला, त्याच परिसरात आज टोकियो डोम उभा आहे. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला थेझ त्याच रिकिदोझानकडून हरला. त्यानंतर दहा वर्षांनी मुंबई. दोन देशांच्या नायकांना त्याने आणखी मोठं केलं, आणि शेवटचा सामना 1990 मध्ये जपानमधल्या हामामात्सूला, 74 व्या वर्षी, मासाहिरो चोनोशी खेळला. जुगलबंदीत पुढच्याची तान खुलवणारा कलाकार असतो, तसा हा. एवढं कोणी केलंय?

रिकिदोझानला मी थेझच्या बरोबरीला बसवत नाही, आणि यावरून इथल्या जुन्या प्रेक्षकांशी माझं जमत नाही. तो मूळचा कोरियातला, सुमोत वरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढलेला, आणि 1954 मध्ये त्याच्या कुस्त्या बघायला शिंबाशी स्टेशनसमोर रस्त्यावर लावलेल्या टीव्हीपाशी तोबा गर्दी व्हायची. ते श्रेय त्याचंच. पण त्याच वर्षी 22 डिसेंबरला ज्युदोतला महान खेळाडू मासाहिको किमुरा त्याच्यासमोर आला. बरोबरी ठरली होती असं किमुरा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. रिंगमध्ये मात्र रिकिदोझानने त्याला खरेखुरे तडाखे देऊन जमिनीवर लोळवलं. समोरच्याने आपलं अंग विश्वासाने तुमच्या हाती दिलेलं असताना केलेला वार मी विसरू शकत नाही.

जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकीबद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे, आणि तिथे कोल्हापूरचा धागा येतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानावर 1912 मध्ये पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली असं सांगतात. इमामबक्ष म्हणजे गामाचा धाकटा भाऊ. या इमामबक्षचा मुलगा अक्रम पैलवान 1976 च्या डिसेंबरमध्ये कराचीला इनोकीपुढे उभा राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये इनोकी टोकियोत मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्या खेळला होता, त्यामुळे त्याचं नाव जगभर होतं. कराचीतली लढत बघता बघता खऱ्या भांडणावर गेली, आणि इनोकीने अक्रमचा हात असा पिरगाळला की त्याला पुढे लढता येईना. ज्या घराण्याने खासबाग गाजवलं त्या घराण्याचा हात. मी पहिल्यांदा ते चित्रण पाहिलं तेव्हा अर्ध्यातच बंद केलं.

पण अडीच वर्षांनी, 1979 मध्ये, लाहोरला त्याच घरातला तरुण झारा इनोकीसमोर आला. लढत निकाली झाली नाही, आणि शेवटी इनोकीने स्वतः झाराचा हात धरून वर उचलला. पाकिस्तानात त्या एका कृतीने तो आपला झाला. इनोकीला मी चौथ्या क्रमांकावर ठेवते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर मात्र अशी दोन नावं आहेत जी आमच्या ग्रुपवर कधीच आली नाहीत. दुसरी जपानची मानामी तोयोता. बाई. सांगलीत वाढलेल्या मुलीला तालमीच्या दारातून आत डोकवायची मुभा नव्हती, हौद्यात पाय ठेवणं तर दूरच. सुमोच्या दोह्योवरही, म्हणजे मातीच्या रिंगणातही, बाईला मज्जाव आहे. आणि त्याच जपानमध्ये 1985 साली चिगुसा नागायो ही कुस्तीगीर केस पणाला लावून हरली तेव्हा ओसाकात शाळकरी मुली हुंदके देऊन रडल्या होत्या. तोयोता 1987 मध्ये रिंगमध्ये उतरली आणि नव्वदच्या दशकात वरच्या दोरावरून, पुलासारखी कमान करत, ज्या वेगाने तिने कुस्ती केली त्या वेगाला तेव्हाचे पुरुष पोचत नव्हते. 2017 मध्ये निवृत्तीच्या दिवशी ती एकामागून एक मल्लांशी लढत राहिली, आणि ज्यांच्याशी लढली त्या प्रत्येकीला एक क्षण मिळवून देऊन गेली. 2023 च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी आमच्या सांगलीतच झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. त्या दिवशी मी कामावर होते आणि फोन हातातून सुटत नव्हता. ती लढत खरी, तोयोताची ठरलेली. पण ज्या मुली मैदानाकडे बघत होत्या त्यांच्यासाठी दोन्हींचं मोल मला सारखंच वाटतं.

तिसरा जपानचाच मित्सुहारू मिसावा. 1994 च्या 3 जूनला टोकियोतल्या बुडोकान सभागृहात तोशिआकी कावादाशी झालेला त्याचा सामना पाहिलेला माणूस पुन्हा ‘नाटक’ हा शब्द उच्चारत नाही. मिसावा फार बोलायचा नाही. कोपराचा तडाखा, चेहऱ्यावर रेष हलणार नाही, आणि समोरच्याने मानेवर आपटलं तरी पुन्हा उठणं. त्या मानेनेच घात केला. स्वतःच्या कंपनीचा अध्यक्ष होऊनही तो रिंग सोडू शकला नाही, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपत होती. 13 जून 2009 ला हिरोशिमात मागे आपटल्यावर तो उठला नाही. 46 वर्षांचा होता. जपानी कुस्तीवर मी मनापासून प्रेम करते, पण प्रेक्षकाची आणखी हवी ही भूक इथे मल्लाच्या मणक्यांतून वसूल केली जाते, आणि त्या गर्दीत मीही टाळ्या वाजवते. थेझला 74 व्या वर्षी रिंगमध्ये उतरता आलं ते त्याच्या पिढीची कुस्ती अंग राखून व्हायची म्हणून. मिसावाला दुसरा क्रमांक देताना माझा हात थांबतो तो इथे.

आता घरचा वाद. गामाला या यादीत घालू नका, कारण त्याची यादी वेगळी आहे, आणि तीत त्याला जोड नाही. पण तो पैशासाठी लढला नाही असं म्हणू नये. 1910 मध्ये लंडनमध्ये पाच मिनिटं माझ्यापुढे टिकेल त्याला पाच पौंड, असं आव्हान देऊनच तो पुढे आला होता. फडावर इनाम घेऊन लढणारा आपला प्रत्येक मल्ल व्यावसायिकच आहे, आणि त्यात कमीपणा नाही. खाशाबांचं तर बोलायलाच नको. हेलसिंकीला 1952 मध्ये त्यांच्या वजनी गटाचं सोनं जपानच्या शोहाची इशीईने नेलं, कांस्य खाशाबांनी आणलं. त्या मातीला ठरलेल्या कुस्तीच्या तराजूत तोलायचंच कशाला?

खली माझ्या दहांत नाही. 2001 च्या सुमारास तो जपानमध्ये जायंट सिंग म्हणून खेळत होता, अंगकाठी जबरदस्त, आणि 2007 मध्ये त्याने अमेरिकेत पट्टा मिळवला याचा आनंद मलाही झाला होता. पण समोरच्याला मोठं करणारी कुस्ती त्याच्यात नव्हती.

दारा सिंगला मी सहावा क्रमांक देते, हल्क होगनच्या वर. किंग काँग नावाच्या मल्लासमोर तो उभा राहिला की गावोगावची मैदानं भरायची, आणि ज्यांनी त्याला एकदाही लढताना पाहिलं नाही त्यांनाही तो आपला वाटायचा. हे थेझला हरवण्याने झालं नाही, ते त्या आधीच झालं होतं. मामांना सहावा क्रमांक मान्य नाही. परवा फोनवर म्हणाले, "अगं, दारा सिंग पहिला. थेझ असेल दुसरा." मी म्हटलं, मामा, तुम्ही थेझला दुसरा म्हणालात हेच आज पुष्कळ झालं, बाकीचं दिवाळीला आल्यावर भांडू.