एका दिवसात एकच गाव

जर्मनीत मॅनहाइमला येऊन चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतं आणि पहिल्याच रात्री जेवताना मोबाइलमधून यादी निघते. सकाळी हायडलबर्ग, दुपारी स्ट्रासबुर्ग, जमलं तर येताना बाडेन-बाडेन. मी आता सरळ नाही म्हणते. एका दिवसात एकच गाव. राग आला तर येऊ दे.

आणि ते गाव बहुतेक वेळा श्पायर असतं. लोकलने अर्धा-पाऊण तास. माझ्याकडे डॉइचलँड-टिकेट, म्हणजे लोकल गाड्यांचा महिन्याचा पास आहे, त्यामुळे वेगळा खर्च नाही. (2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, आता 63 झालंय, तरी परवडतं. फक्त त्यावर आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत चढायचं नाही. आमच्या एका पाहुण्यांनी चढून दंड भरलाय.)

तिथलं कॅथीड्रल सम्राट दुसऱ्या कॉनराडने 1030च्या सुमारास बांधायला घेतलं. वरचा भाग भव्य आहेच, पण माझा जीव खालच्या तळघरात रमतो. बुटके जाड खांब, लाल-पिवळ्या दगडांच्या कमानी आणि जूनमध्येही ओढणी घट्ट लपेटावी असा गारवा. शेजारीच राजे-सम्राटांच्या कबरी. त्यांतला चौथा हाइनरिक माझा आवडता. पोपशी भांडला, 1077च्या कडाक्याच्या थंडीत इटलीतल्या कानोसा किल्ल्यावर जाऊन माफी मागितली, पुन्हा भांडला. 1106 मध्ये गेला तेव्हा चर्चमधून बहिष्कृतच होता. मग आजोबांनी पाया घातलेल्या आणि स्वतः नव्याने उभारलेल्या या वास्तूत त्यालाच जागा नाही! पाच वर्षं शवपेटी बाजूच्या, तोवर पवित्र न केलेल्या चॅपलमध्ये पडून. 1111 मध्ये आत आली. ही गोष्ट मला तिसऱ्या फेरीत कळली. पहिल्या दोन फेऱ्यांत मी फोटो काढत होते.

गेल्या वर्षी सासू-सासरे होते बरोबर. मे 1689 अखेरीस फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी हे गाव जाळलं, हे सांगितल्यावर सासरे थबकले. त्याच मार्चमध्ये संभाजी महाराज गेले, त्याच वर्षी रायगड पडला. पुढे बराच वेळ काही बोललेच नाहीत. सासूबाईंचं वेगळंच. बाराव्या शतकातलं ज्यूंचं स्नानकुंड आहे तिथे, पायऱ्या उतरत साधारण दहा मीटर खाली, तळाशी जमिनीतलं पाणी. त्या खाली वाकून म्हणाल्या, "अगं, ही तर बारव!" मला एवढ्या फेऱ्यांत सुचलं नव्हतं.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊनच निघायचं. कॅथीड्रलमागच्या बागेतून ऱ्हाइनकाठी पोचलं की बाकावर डबा उघडायचा.

पुढच्या महिन्यात मावसभाऊ येतोय. त्याची यादी आत्ताच आलीय, तीन दिवसांत पाच शहरं. त्याला अजून काही कळवलेलं नाही.